हातात धरायचा कन्सोल: आता घ्यावा की थांबावं?

डिचोलीकर (धागाकर्ता)
१४ डिसेंबर २०२५, रात्री ९.४२

मंडळी, सल्ला हवाय. मेव्हणा क्रूझवर आहे, मायामीहून त्याची बोट सुटते. फेब्रुवारीत साइन-ऑफ करून घरी येतोय. "भावोजी, काय आणायचं ते आत्ताच सांगा, मग चॉकलेटं आणली म्हणून तोंड पाडू नका," असं बजावलंय त्याने.

मला हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायचाय. डिचोली-पणजी रोजची बस, आणि घरचा टीव्ही आईच्या मालिकांना कायमचा आंदण दिलेला. लहानपणी ९९९९ गेमवाला ब्रिक गेम आणि काँट्राची कॅसेट, एवढ्यावर वाढलेला माणूस मी. नंतर लॅपटॉपवर खेळलो. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये घेतलेल्या गेम्सचा ढीग पडून आहे, त्यातले निम्मे उघडलेलेही नाहीत. लॅपटॉप आता फक्त पंखा फिरवतो.

डोळ्यासमोर तीन आहेत. निन्टेन्डो स्विच २, स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक ओलेड (ओलेड म्हणजे काळा रंग खरा काळा दाखवणारी स्क्रीन) आणि आसूस-एक्सबॉक्सचा नवा रॉग अ‍ॅलाय. लेनोवोचा लीजन गो २ बघितला होता, पण वजन ९२० ग्रॅम. बसच्या दांड्याला एका हाताने लटकून दुसऱ्या हातात किलोभर धूड कोण धरणार?

खरा प्रश्न वेगळाच आहे. थांबावं का? स्विच २ ची ओलेड आवृत्ती कधीतरी येईलच असं जो तो म्हणतो. व्हॉल्व्हने नोव्हेंबरात टीव्हीला जोडायची स्टीम मशीन जाहीर केली, पण नव्या डेकचं नाव नाही. सगळे वाट बघतायत तो जीटीए ६ हा गेम तर पुन्हा ढकलला, आता १९ नोव्हेंबर २०२६. पन्नास हजारांपर्यंत माझी तयारी आहे. त्यापुढे घरच्या अर्थमंत्र्यांची सही लागते.


खांडेपार
१४ डिसेंबर, रात्री १०.०५

अ‍ॅलाय घे, विषय संपव.

१६ ऑक्टोबरला आला. भारतात आसूस अधिकृत विकते, साधा ६९,९९० आणि 'एक्स' १,१४,९९०. तुझ्या बजेटच्या बाहेर आहे, माहीत आहे, पण ऐक. ७ इंची १०८०पी स्क्रीन, १२० हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा बदलतं). आत अख्खं विंडोज ११. म्हणजे तुझा स्टीमचा ढीग चालेल, एपिकच्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळालेले चालतील, मायक्रोसॉफ्टची महिन्याच्या वर्गणीची गेम पास योजना चालेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, ईए एफसी २६ हा फुटबॉलचा गेम चालेल. गोव्यात राहून फुटबॉल चालत नसलेलं यंत्र घ्यायचं असेल तर त्यापेक्षा कॅरम घे.

बाकीच्या दोघांना भारतात अधिकृत कोणी वाली नाही. ना डेक इथे विकला जातो, ना निन्टेन्डो. उद्या बिघडला की परत मेव्हण्याच्या बोटीची वाट बघ.


प्रोटॉन_परब
१४ डिसेंबर, रात्री १०.३१

खांडेपारबाब, विंडोज हा अ‍ॅलायचा फायदा आणि तोटा, दोन्ही आहे हेही सांगून टाका ना. मायक्रोसॉफ्टने यावेळी फुल-स्क्रीन मोड दिला, डेस्कटॉप मागे ढकलला, थोडी मेमरी वाचवली, हे मान्य. तरी खाली विंडोजच. मधेच अपडेट मागणार, मधेच कोणत्यातरी लाँचरचा पासवर्ड.

डिचोलीकर, तुम्ही बसमध्ये खेळणार म्हणता. मग तुमच्या कामाची गोष्ट एकच: बटण दाबलं की झोपला पाहिजे आणि पुन्हा दाबलं की जिथे होता तिथेच उठला पाहिजे. तुमचा स्टॉप आला, कंडक्टर ओरडतोय, अशा वेळी सेव्ह पॉइंट शोधत बसता येत नाही. हे स्विच उत्तम करतो, डेक उत्तम करतो. विंडोजवाले अजून यात पक्के नाहीत.

डेक ओलेड नोव्हेंबर २०२३ चा. ७.४ इंच, ९० हर्ट्झ, रिझोल्यूशन फक्त १२८०×८००, वजन ६४० ग्रॅम. कागदावर म्हातारा वाटेल. पण एवढ्या स्क्रीनवर ८०० ओळी पुरतात, आणि पिक्सेल कमी म्हणून चिपवर ताण कमी, म्हणून बॅटरी टिकते. तुमचा स्टीमचा ढीग एक रुपया न भरता त्यावर येतो. डेकच्या आत विंडोजऐवजी लिनक्स आहे, पण त्यावर विंडोजचे गेम प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर चालवतं, तुम्हाला कळतही नाही.

दुखरी बाजूही सांगतो, नाहीतर खांडेपार सांगतीलच. ज्या गेमची अँटी-चीट (ऑनलाइन फसवेगिरी पकडणारी यंत्रणा) लिनक्सला दारात उभी करत नाही, तो डेकवर चालत नाही. ईए एफसी त्यातलाच. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पर्यंत चालत होता, मग बॅटलआय नावाची अँटी-चीट आली आणि दार बंद. फोर्टनाइट, व्हॅलोरंट विसरा.


खांडेपार
१४ डिसेंबर, रात्री १०.३८

म्हणजे फुटबॉल नाही. माझं म्हणणं संपलं.


लायट_गेली
१४ डिसेंबर, रात्री ११.१२

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

एवढी चर्चा करण्यापेक्षा मोबाइलला ब्लूटूथ कंट्रोलर लावा. दोन हजारांत काम. बसमध्ये सत्तर हजारांचं यंत्र बाहेर काढाल आणि शेजारचा माणूस पर्वरीपर्यंत विचारत बसेल, "हें कितें रे? कितल्याक मेळ्ळें?"


म्हापशाची_माई
१५ डिसेंबर, सकाळी ७.२०

लायट_गेली, अगदी अगदी! आमच्या घरी स्विच २ जूनअखेर आला (दीर दुबईला असतात) आणि पहिले दोन आठवडे शेजाऱ्यांना दाखवण्यातच गेले.

माझं मत स्विच २. दोन मुलं आहेत म्हणून असेल. पण एक विचारते, तुम्ही एकटेच खेळणार की माणसं आहेत बरोबर? आमच्याकडे चवथीला मूळ घरी सगळे जमतात. माटोळी बांधून झाली, आरती झाली, की दुपारी मुलांना पत्त्यांखेरीज काही नसायचं. यंदा मारिओ कार्ट वर्ल्ड लावला. एका स्क्रीनवर चौघं, खोक्यातच दोन छोटे कंट्रोलर असतात, आणखी दोन जुन्या स्विचचे जोडले. माझे सासरे शेवटून दुसरे आले आणि पुढच्या फेरीला नंबर लावून बसले. हे अ‍ॅलायवर करायचं तर कंट्रोलर, केबल, हब, सगळं वेगळं जमवा.

स्क्रीन ७.९ इंच, १०८०पी, १२० हर्ट्झ. ओलेड नाही, एलसीडी आहे, आणि वेगात हलणारं चित्र थोडं फरफटतं. जुना ओलेड स्विच शेजारी ठेवला तर काळा रंग फिका वाटतो. एकट्याने ठेवला तर कोणी तक्रार करत नाही.

पैशाचं मात्र जपून. मारिओ कार्ट वर्ल्ड ८० डॉलर! म्हणजे आजच्या भावाने सात हजारांवर. निन्टेन्डोचे गेम सेलमध्ये येतात तेही नाक मुरडत. भारतासाठी निन्टेन्डोचं ई-शॉप, म्हणजे ऑनलाइन दुकान, नाही, म्हणून खातं दुसऱ्या देशाचं आणि गिफ्ट कार्डांची कसरत. स्टीमवर रुपयांत किंमत आणि यूपीआयने पैसे, याची सवय झालेल्या माणसाला हे जड जातं.


पर्वरीतला_पुणेकर
१५ डिसेंबर, सकाळी ९.४८

पीएस५ असेल तर प्लेस्टेशन पोर्टल हाही पर्याय आहे, १८,९९० ला मिळतो. नसेल तर तो नुसता ट्रे आहे. त्यात स्वतःचं काही चालत नाही, घरच्या पीएस५ वरून वाय-फायने चित्र येतं. नोव्हेंबरात त्याला क्लाउडवरून (कंपनीच्या सर्व्हरवरून) खेळायची सोय मिळाली, पण ती पीएस प्लस या वर्गणीच्या प्रीमियम प्रकाराला. भारतात प्रीमियम नाहीच, आपल्याकडे डिलक्स. म्हणजे आपण परत घरच्या वाय-फायवर.

एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग गेल्या महिन्यात भारतात आलं. घरी फायबरवर बरं चालतं. डिचोलीच्या बसमध्ये मात्र डोंगराआड गेलात की नेटवर्क आणि गेम दोघेही निरोप घेतील. वर गेम पास अल्टिमेट आता महिना १,३८९ रुपये.

अवांतर: हातातल्या कन्सोलची चर्चा चालली आहे म्हणून आठवलं. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला आणि तो ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यांत आधी स्विचवर आला. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही होतं. लढाई थोडी अडखळती आहे, शेवट घाईत गुंडाळलाय, पण ते महाल, त्या भिंतींवरची चित्रं! ज्या देशात स्विच अधिकृत विकत मिळत नाही त्या देशातला गेम आधी स्विचवर. आपलं सगळंच असं.


डिचोलीकर
१५ डिसेंबर, दुपारी १.१५

वा, रंग चढला. पुणेकर, राजी माझ्या ढिगात आहे! आज उघडतो.

पीएस५ नाही, त्यामुळे पोर्टल बाद. माई, तुमचा प्रश्न डोक्यात बसला. बायको खेळत नाही. पुतणे सुट्टीला येतात, भाचा फुटबॉलवेडा. बसमध्ये अर्थातच एकटा.

पण थांबण्याबद्दल कोणीच बोललं नाही.


प्रोटॉन_परब
१५ डिसेंबर, दुपारी २.०३

बोलतो.

पूर्वी नियम होता की कन्सोल निघाल्यावर दोन वर्षं थांबावं, किंमत उतरते, बारीक आवृत्ती येते, चांगले गेम जमा होतात. तो नियम या वर्षी मोडला. बघा ना: २०१७ चा मूळ स्विच आणि त्याची ओलेड आवृत्ती, दोन्हींची किंमत ऑगस्टमध्ये अमेरिकेत वाढली. ओलेड ३५० वरून ४०० डॉलर. आठ वर्षं जुना कन्सोल महाग होतोय! त्याच महिन्यात पीएस५ पन्नास डॉलरने वाढला, ऑक्टोबरात एक्सबॉक्स. तिथे कारण आयात शुल्क वगैरे. पण आता त्याहून मोठं कारण आलंय, मेमरी.

एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात कारखाने गुंतलेत, त्यामुळे साध्या रॅमचे आणि एसएसडीचे भाव भडकलेत. मायक्रॉनने या महिन्याच्या सुरुवातीला 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. लॅपटॉपची रॅम म्हटलं की आपण डोळे मिटून क्रुशल घ्यायचो. हातातल्या कन्सोलमध्ये रॅम आणि साठवण हाच खर्चाचा मोठा भाग. व्हॉल्व्हने स्टीम मशीन जाहीर केली, २०२६ च्या सुरुवातीला येणार म्हणाले, पण किंमत सांगितलेली नाही. उगीच नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी येणारं यंत्र चांगलं असेल, पण स्वस्त असेल या आशेवर थांबू नका. माझ्या मते आजच्या किमती नंतर स्वस्त वाटतील.


लायट_गेली
१५ डिसेंबर, दुपारी २.१०

म्हणजे सोनं आणि रॅम. लग्नात आता मुलीला १६ जीबी घालायचे.


तारवटी_निवृत्त
१५ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

अख्खी हयात बोटीवर गेली, त्यामुळे कन्सोल कोणता ते तुम्ही ठरवा, आणायचा कसा ते मी सांगतो.

पहिली गोष्ट. मेव्हण्याला म्हणावं, जपानचा स्वस्त स्विच २ दिसला तर हात लावू नकोस. त्यांनी दोन प्रकार काढलेत. एक फक्त जपानी भाषेचा, ४९,९८० येन. दुसरा सगळ्या भाषांचा, ६९,९८० येन, तो निन्टेन्डोच्या स्वतःच्या स्टोअरवरच. स्वस्त प्रकारात भाषा जपानीच राहते आणि खातंही जपानचंच लागतं. योकोहामाला उतरलेले आमचे पोरगे "अर्ध्या किमतीत मिळाला" म्हणून नाचत येतात, मग घरी मेनू वाचता येत नाही. हा मायामीला आहे म्हणजे तो धोका नाही, पण कोणी मित्र देतो म्हणाला तर विचारून घ्या.

दुसरी. डेक दुकानात मिळत नाही. अमेरिकेत तो स्टीमच्या साइटवरून मागवावा लागतो, कुठल्यातरी पत्त्यावर. क्रूझचा माणूस पोर्टात काही तास उतरतो, त्यात नवे प्रवासी चढायचे असतात, तो पार्सलची वाट बघत बसणार नाही. मायामीत ओळखीचं घर असेल तरच. स्विच कुठल्याही मोठ्या दुकानात जाऊन उचलता येतो.

तिसरी, कस्टम्स. करार संपवून साइन-ऑफ करून येतो तेव्हा त्याला साध्या प्रवाशासारखी पन्नास हजारांची सूट आहे (हा २०२५ चा नियम). मधेच रजेशिवाय उतरणाऱ्या खलाशाला ती नाही, ते वेगळं. स्विच २ ची किंमत ४४९.९९ डॉलर, त्यावर मायामीचा ७ टक्के विक्रीकर, डॉलर नव्वदच्या आसपास धरा. त्रेचाळीस हजारांच्या थोडं वर जातं. मारिओ कार्टसकटचं खोकं मिळालं तर ४९९.९९, करासकट अठ्ठेचाळीस हजारांवर. सुटीत बसतं, पण काठावर. वर परफ्यूम आणि चॉकलेटं हिशेबात धरली की सांडलं. बिल खिशात ठेवायला सांगा, खोकं फेकून देऊन "वापरलेला आहे" अशी नाटकं करू नयेत. मोपाला काय, दाबोळीला काय, ते लोक रोज हेच बघतात.


डिचोलीकर
१५ डिसेंबर, संध्याकाळी ६.५१

काका, दंडवत. ही माहिती कुठल्याच यूट्यूबवाल्याने दिली नाही.


कुंदा_काणकोण
१५ डिसेंबर, रात्री ८.४४

मी वेगळ्याच टोकाची. एवढे पैसे घालण्यापूर्वी छोटा रेट्रो हँडहेल्ड बघा. अँबर्निक वगैरे चिनी कंपन्यांचे काही हजारांत मिळतात, शर्टाच्या खिशात मावतात. काँट्रावर वाढलेला माणूस म्हणून सांगते. बसमध्ये कोणी विचारत नाही, पडला तर जीव जात नाही. मी संध्याकाळी गॅलरीत बसून टेट्रिस खेळते, तो १९८९ मध्ये गेमबॉयबरोबर आला तेव्हाही तेवढाच चांगला होता. गेम्सची पन्नास-साठ जीबीची कार्डं भरून मिळतात, त्याची लिंक


संपादक
१५ डिसेंबर, रात्री ९.०२

वरच्या प्रतिसादातली लिंक काढली आहे. स्वतः विकत घेतलेले गेम चालवा, चोरीच्या कार्डांची जाहिरात इथे नको. चर्चा चालू द्या.


कुंदा_काणकोण
१५ डिसेंबर, रात्री ९.१५

बरं बाबा. मग कायदेशीर बोलते. हातातल्या कन्सोलवर खेळायचे खरे गेम मोठ्या बजेटचे नसतातच. गेल्या दीड-दोन वर्षांतलं माझं सगळ्यांत जास्त खेळून झालेलं काय, तर बलाट्रो. पत्ते! त्याआधी स्टार्ड्यू व्हॅली, जो एका माणसाने एकट्याने बनवला. यंदा सिल्कसाँग. ४ सप्टेंबरला आला तेव्हा एवढी गर्दी झाली की स्टीमपासून निन्टेन्डोपर्यंत दुकानं कोलमडली. वीस डॉलरचा गेम, अ‍ॅडलेडमधली मूठभर माणसं. कठीण आहे, मेल्यावर पुन्हा तेवढंच अंतर चालत यावं लागतं, शिव्या येतात तोंडात. पण हे सगळे डेकवर, स्विचवर, अ‍ॅलायवर, कशावरही लोण्यासारखे चालतात. मग ७० हजार कशासाठी?


खांडेपार
१५ डिसेंबर, रात्री ९.४०

यासाठी: एक्सपिडिशन ३३. शुक्रवारी सकाळी आपल्याकडे जाहीर झालं, गेम ऑफ द इयर. फ्रान्सच्या माँपेल्येमधला छोटा स्टुडिओ. डेकवर चालतो, पण चेहरे असे धुरकट होतात की दुःखाच्या प्रसंगात कोण रडतंय ते ओळखावं लागतं. अ‍ॅलाय एक्सवर बघा.


प्रोटॉन_परब
१५ डिसेंबर, रात्री ९.५५

अ‍ॅलाय एक्सच्या किमतीत डेक आणि एक बरा टीव्ही येतो.


खांडेपार
१५ डिसेंबर, रात्री ९.५७

आणि त्या टीव्हीवर डिचोलीकरांच्या आईंच्या मालिका.


पर्वरीतला_पुणेकर
१६ डिसेंबर, सकाळी ८.३०

येत्या वर्षात कशावर काय येणार ते बघून ठरवा असं मला वाटतं. जीटीए ६ साठी थांबणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झालाय. पीसीचं नाव नाही, स्विचचं नाव नाही. म्हणजे डेक घ्या, अ‍ॅलाय घ्या, स्विच घ्या, १९ नोव्हेंबरला हातात जीटीए नसणार. त्यामुळे तो मुद्दा या हिशेबातून काढूनच टाका.

स्विच २ कडे २२ जानेवारीला फायनल फँटसी ७ रीमेक येतोय, २७ फेब्रुवारीला रेसिडेंट एव्हिल रेक्विएम, आणि तोही पीएस५, पीसीबरोबर त्याच दिवशी. हे मला मोठं वाटतं. जुन्या स्विचच्या नशिबात दोन वर्षं उशिरा आलेलं धूसर काहीतरी असायचं. सायबरपंक हा मोठा गेम तर अख्खा ६४ जीबीच्या कार्डात बसवला आणि हातात धरून सेकंदाला ४० फ्रेमने चालतो. एनव्हिडियाच्या चिपमधलं डीएलएसएस हे तंत्र छोटं चित्र घेऊन मोठं करतं, त्याची ही करामत. फ्रॉमसॉफ्टवेअरचा डस्कब्लड्स २०२६ मध्ये फक्त याच कन्सोलवर.

मेट्रॉइड प्राइम ४ दोन आठवड्यांपूर्वी आला. आठ वर्षं वाट बघायला लावून. मधलं वाळवंट रिकामं आहे, बडबडे सहकारी नको होते, बाकी गुहांमधला भाग सुरेख.


म्हापशाची_माई
१६ डिसेंबर, सकाळी ९.०५

सायबरपंकसारखं सगळे करत नाहीत हेही लिहा. बहुतेक बाहेरच्या कंपन्या 'गेम-की कार्ड' देतात. कार्ड घ्यायचं, त्यात गेम नसतोच, नुसती किल्ली. पहिल्यांदा लावलं की पूर्ण डाउनलोड, आणि पुढे खेळताना कार्डही आत हवंच. दोन्हीकडून त्रास. एकच बरं, खेळून झाल्यावर कार्ड विकता येतं, कारण ते खात्याला बांधलेलं नसतं. आमच्या म्हापशाच्या ग्रुपवर आम्ही आपसांत फिरवतो.


कुंदा_काणकोण
१६ डिसेंबर, सकाळी १०.२२

दमट हवेचं कोणी बोललंच नाही. समुद्राजवळ घर असेल तर पावसाळ्यात यंत्र उघड्यावर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी येते ना, तसे बटणांखालचे संपर्क खराब होतात. डबा, त्यात सिलिका जेल, जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज. आणि स्विच २ च्या अंगठ्याने फिरवायच्या काड्यांमध्ये हॉल इफेक्ट सेन्सर (चुंबकाने हालचाल ओळखणारे) नाहीत, निन्टेन्डोनेच सांगितलंय. जुन्या स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरच्या ड्रिफ्टवरून (हात न लावता काडी आपोआप सरकल्यासारखी वागते, त्यावरून) जगभर खटले झाले, तरी नाहीत. पहिल्या लीजन गोला आहेत. घासणारा भागच नसल्यामुळे ते झिजत नाहीत.


लायट_गेली
१६ डिसेंबर, सकाळी ११.००

एक गंभीर शंका (हो, मलाही येतात). ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला ना? उद्या या सगळ्यावर बंदी आली तर?


पर्वरीतला_पुणेकर
१६ डिसेंबर, सकाळी ११.२६

नाही येत. तो कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. रमी, फँटसी क्रिकेट वगैरे. पैसे भरून विकत घेतलेला गेम त्यात नाही, ई-स्पोर्ट्सला तर उलट मान्यता दिली आहे. मांडवीतल्या बोटींवर खरा जुगार चालू, आणि शंका मारिओवर!


लायट_गेली
१६ डिसेंबर, सकाळी ११.२९

आता धाग्याचं काश्मीर होणार, विषय सोडून नुसती भांडणं. मी गप्प बसतो.


डिचोलीकर
१६ डिसेंबर, रात्री १०.१८

सगळ्यांचं वाचलं, दोन दिवस बसमध्ये हेच वाचतोय. काल राजी लॅपटॉपवर सुरू केला, पंखा असा ओरडला की आई आतून म्हणाली मिक्सर बंद कर.

ठरवलं. स्विच २ मागवतो.

परबांचा युक्तिवाद मला सगळ्यांत जास्त पटला होता. माझा स्टीमचा ढीग, माझं बजेट, झोपणं-उठणं, सगळं डेकच्या बाजूने. पण तो हातात यायला मायामीत पत्ता लागतो आणि तिथे आमचं कोणी नाही. इथल्या आयात करणाऱ्यांकडून घ्यायचा तर दर चढा आणि वॉरंटी त्यांच्या शब्दाची. ढीग कुठे पळून जात नाही, आणि खरं सांगायचं तर न उघडलेले गेम उघडण्यासाठी नवं यंत्र घेणं हा मला स्वतःशीच केलेला बहाणा वाटायला लागला. अ‍ॅलायसाठी सही मिळाली नाही. सही मागितलीच नाही.

थांबायचा विचार मेमरीच्या प्रतिसादानंतर सोडला. ओलेड येईल तेव्हा येईल.

फुटबॉलचं: स्विच २ वर एफसी २६ आहे असं दिसतंय. खांडेपार, जमेल ना?


खांडेपार
१६ डिसेंबर, रात्री १०.३३

आहे, यावेळी नावापुरता नाही, बराच बरा आहे. पीएस५ च्या तोडीचा म्हणणार नाही, पण जुन्या स्विचवर जो सांगाडा विकायचे त्याच्या कितीतरी वर. भाच्याला चालेल. मला विचारशील तर तू चूक करतोयस, पण चवथीला बोलाव.


प्रोटॉन_परब
१६ डिसेंबर, रात्री १०.४०

अभिनंदन. हरकत नाही. सेलमध्ये मात्र आता स्टीम उघडू नका.


डिचोलीकर
१६ डिसेंबर, रात्री १०.४७

२५ डिसेंबरच्या आत सेल लागतो ना?

बरं, शेवटचं. आत २५६ जीबी आहे, गेम-की वगैरे ऐकून पुरेल असं वाटत नाही. माझ्याकडे मोबाइलचं जुनं १२८ जीबीचं कार्ड आहे, ते चालेल?


म्हापशाची_माई
१७ डिसेंबर, सकाळी ७.०२

नाही चालणार. स्विच २ ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, साधं कार्ड घातलं तर फक्त जुने फोटो-व्हिडिओ उचलता येतात. २५६ जीबीचं एक्सप्रेस कार्ड तिकडे साधारण ६० डॉलरला आहे. इथे शोधत फिरू नका, मेव्हण्यालाच सांगा. पण काकांचा पन्नास हजारांचा हिशेब विसरू नका. मारिओवालं खोकं आणि कार्ड, दोन्ही एकदम बसणार नाहीत. साधं खोकं आणि कार्ड घ्या. मारिओ कार्टचं कार्ड मी देते महिनाभर, आमच्याकडे सध्या सगळे डाँकी काँगमध्ये अडकलेत.